व्हेरियंट २६, सबव्हीआयही २६: निवड कुठे आणि कशी करायची?

वाचकाचं पत्र: आमच्याकडे मोटर कंट्रोलरची टेस्ट बेंच आहे, सॉफ्टवेअर लॅबव्ह्यू २०१९ मध्ये (डायग्राम काढून आणि वायर जोडून प्रोग्रॅम लिहायचं साधन). कंट्रोलरचे २६ व्हेरियंट आहेत आणि प्रत्येकाचा वेगळा सबव्हीआय (व्हीआय म्हणजे लॅबव्ह्यूचा प्रोग्रॅम, सबव्हीआय म्हणजे त्याने बोलावलेला दुसरा). बारकोड स्कॅन केला की त्याची स्ट्रिंग केस स्ट्रक्चरच्या (अनेक केसपैकी एकच निवडून चालवणारी चौकट) सिलेक्टरला जाते आणि त्या केसमधला सबव्हीआय चालतो. नवा व्हेरियंट आला की जवळच्या जुन्या सबव्हीआयची कॉपी काढून बदल करतो. आता मेन व्हीआय उघडायलाच फार वेळ लागतो आणि दोघांना एकाच वेळी त्यात काम करता येत नाही. एक सहकारी म्हणतो, डायनॅमिक कॉल कर, म्हणजे चालवताना फाइलचा पाथ देऊन सबव्हीआय बोलाव. दुसरा म्हणतो, क्लास (डेटा आणि त्यावरचं काम एकत्र बांधलेला प्रकार) बनव. मला स्वतःला पॉलिमॉर्फिक व्हीआय (जोडलेल्या डेटाच्या प्रकारावरून आतला सबव्हीआय निवडणारा) बरा वाटतो. कोणाचं ऐकू? — एक टेस्ट इंजिनिअर

नमस्कार,

तुम्ही तीन मार्ग विचारलेत, पण त्यातला कुठलाही निवडण्याआधी एक काम करा. २६ पैकी कोणतेही दोन सबव्हीआय शेजारी शेजारी उघडा आणि त्यांच्यात नेमका फरक काय आहे ते कागदावर लिहा. प्रोफेशनल आवृत्ती असेल तर टूल्स मेनूतलं ‘कम्पेअर व्हीआयज’ वापरा, नसेल तर डोळ्यांनी बघा. मग दुसरी जोडी घ्या. कॉपी काढून वाढलेल्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा दिसतं ते असं: ब्लॉक डायग्राम तोच, वायरिंग तीच, बदललेत फक्त कॉन्स्टंट. कुठे १२ व्होल्टच्या जागी २४, कुठे करंटची वरची मर्यादा वेगळी, कुठे रीडिंग घेण्याआधी थांबण्याचा वेळ वेगळा. असे दोन सबव्हीआय म्हणजे एकच सबव्हीआय आणि आकड्यांचे दोन संच. आकडे निवडायला केस लागत नाही, डायनॅमिक कॉल लागत नाही आणि क्लासही लागत नाही.

म्हणून फरकांचे तीन गट करा. पहिल्या गटात फक्त आकडे वेगळे असतात. दुसऱ्यात एखादी पायरी जास्त किंवा कमी असते, म्हणजे एका व्हेरियंटला ब्रेकचं आउटपुट आहे, दुसऱ्याला नाही. तिसऱ्यात चाचणीची रीतच वेगळी असते: एक कंट्रोलर कॅनवर (डिजिटल संदेशांच्या बसवर) बोलतो, दुसरा अॅनालॉग व्होल्टेजवर चालतो, आणि दोघांच्या डायग्रामचं एकमेकांशी काही जुळत नाही. सहकाऱ्यांचा वाद फक्त या तिसऱ्या गटाला लागू पडतो, आणि तो गट तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघेल.

पहिल्या गटाचं काम आधी उरका, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. एका व्हेरियंटला जे जे आकडे लागतात ते एका क्लस्टरमध्ये (अनेक किमतींचा एक गठ्ठा) घ्या आणि त्या क्लस्टरचा टाइप डेफ करा, म्हणजे त्याची व्याख्या एकाच फाइलमध्ये राहील. सप्लाय व्होल्टेज, करंटची खालची आणि वरची मर्यादा, थांबण्याचा वेळ, बॉड रेट, जे असेल ते. हे आकडे डायग्रामवर ठेवू नका, फाइलमध्ये ठेवा. आयएनआय, जेसन, सीएसव्ही यातलं काहीही चालेल. तुमच्या टीममध्ये ज्यांना लॅबव्ह्यू येत नाही पण मर्यादा कोणत्या हव्यात हे ठाऊक आहे, त्यांना जी फाइल उघडून वाचता येईल ती घ्या. स्तंभाच्या नावातच एकक लिहा: ‘करंट वरची मर्यादा मिलीअँपिअर’. एककाविना नुसता आकडा असला की कधी ना कधी कोणीतरी अँपिअरमध्ये भरणार.

फाइलमधून आकडे वाचताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. लॅबव्ह्यू मूळ सेटिंगमध्ये दशांश चिन्ह संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून घेतं. ज्या मशीनवर दशांशासाठी स्वल्पविराम ठरवलेला असेल तिथे ‘3.3’ वाचल्यावर हातात नुसता ३ येतो, आणि त्याबद्दल एरर येत नाही. फॉरमॅट स्ट्रिंगच्या सुरुवातीला ‘%.;’ लिहिलं की दशांश चिन्ह टिंबच धरलं जातं. टेस्ट बेंचचा संगणक उद्या बदलला तरी मर्यादा बदलता कामा नयेत, म्हणून हे पहिल्याच दिवशी करा. शिवाय त्या फाइलला आवृत्ती क्रमांक द्या आणि प्रत्येक युनिटच्या रिपोर्टमध्ये तो छापा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हे युनिट कोणत्या मर्यादेवर पास झालं, तर उत्तर रिपोर्टमध्येच सापडायला हवं.

यातून दोघांनी एकाच वेळी काम करण्याचा प्रश्नही बराचसा सुटतो. व्हीआयची फाइल बायनरी असते. दोघांनी एकाच व्हीआयमध्ये केलेले बदल नंतर एकत्र करणं फार त्रासाचं असतं. आकड्यांची फाइल साधी मजकुराची असेल तर गिटसारखं साधन ते काम ओळीओळीने करून देतं.

दुसऱ्या गटात चूक होते ती प्रश्न विचारण्यात. डायग्रामवर जागोजागी ‘हा व्हेरियंट ७ आहे का?’ असं विचारलेलं असतं. उद्या २७वा आला, त्यालाही ब्रेक असला, की त्या सगळ्या जागा शोधत फिरावं लागतं. त्याऐवजी ‘याला ब्रेकचं आउटपुट आहे का?’ असं विचारा. त्याचं उत्तर आकड्यांच्या त्याच क्लस्टरमध्ये एक बूलियन (हो किंवा नाही) म्हणून येऊ द्या. पायऱ्यांचा क्रमही बदलत असेल तर प्रत्येक व्हेरियंटसाठी पायऱ्यांची यादी फाइलमध्ये ठेवा, ती वाचून एनमचा (ठराविक नावांच्या यादीतली किंमत) अॅरे बनवा आणि फॉर लूपमधून एकेक पायरी चालवा. केस स्ट्रक्चर इथेही आहेच, पण त्यातल्या केस पायऱ्यांच्या आहेत. नवा व्हेरियंट म्हणजे फाइलमध्ये एक नवी ओळ. नवी केस तेव्हाच लागेल जेव्हा खरोखर नवी पायरी येईल.

आता उरलेला तिसरा गट. समजा तुमच्याकडे चार किंवा पाच मुळात वेगळ्या रीती उरल्या. इथे केस स्ट्रक्चरवरचा एक गैरसमज दूर करतो. केस जास्त आहेत म्हणून चाचणी हळू चालते, असं होत नाही. निवडलेली एकच केस चालते, बाकीच्या तशाच पडून असतात. मात्र डायग्रामवर ठेवलेले सगळे सबव्हीआय, आणि त्यांच्या आतले सबव्हीआय, मेन व्हीआय उघडताच मेमरीत येतात, मग त्यांची केस आज चालो की न चालो. तुमचा वेळ तिथे जातो. २६ चे पाच झाले की तो प्रश्न बहुधा आपोआप मिटेल, आणि मग त्याच्यासाठी डायनॅमिक कॉलचा खटाटोप करायची गरज उरणार नाही.

म्हणून पाच रीतींसाठी माझी पहिली पसंती केस स्ट्रक्चरच आहे, पण आत्ता आहे तसं नाही. सिलेक्टरला स्ट्रिंग देऊ नका, टाइप डेफ केलेला एनम द्या आणि डीफॉल्ट केस (कशाशीच न जुळलेली किंमत जिथे जाते ती) ठेवू नका. एनममध्ये सगळ्या किमतींच्या केस असल्या की लॅबव्ह्यूला डीफॉल्ट लागत नाही. उद्या कोणी एनममध्ये नवी रीत घातली आणि केस करायला विसरला, तर रनचा बाण तिथल्या तिथे तुटतो, म्हणजे प्रोग्रॅम चालवताच येत नाही. ही राखण तुम्हाला फुकट मिळते. स्ट्रिंग दिली तर डीफॉल्ट सक्तीची होते, आणि अनोळखी कोड गुपचूप तिच्यात जाऊन पडतो.

बारकोडच्या बाबतीत हे हमखास घडतं. बरेच स्कॅनर कोडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) जोडतात. कधी मागे एखादी स्पेस राहते. स्ट्रिंगची तुलना मूळ सेटिंगमध्ये लहानमोठ्या लिपीचा भेदही पाळते. डोळ्यांना कोड बरोबर दिसतो, पण केस जुळत नाही. म्हणून स्ट्रिंगचं काम एकाच छोट्या सबव्हीआयमध्ये संपवा: आधी ‘ट्रिम व्हाइटस्पेस’, मग तक्त्यात शोध, आणि बाहेर येताना व्हेरियंटचं क्लस्टर, ज्यात रीतीचा एनमही आहे. कोड तक्त्यात सापडला नाही तर एरर. लॅबव्ह्यूने वापरणाऱ्यांच्या एररसाठी ५००० ते ९९९९ हे क्रमांक राखून ठेवले आहेत. त्यातला एक तुमच्या ‘अनोळखी व्हेरियंट’साठी नक्की करा आणि स्कॅन झालेली स्ट्रिंग जशीच्या तशी संदेशात दाखवा. लॅबव्ह्यू २०१९ मध्ये मॅप हा डेटा प्रकार आला आहे. कोडवरून क्लस्टर शोधायला तो नेमका उपयोगी पडतो.

एनमबद्दल आणखी एक खबरदारी घ्या. फाइलमध्ये एनमचा क्रमांक लिहू नका, नाव लिहा. कोणी एनमच्या मधेच एक ओळ घातली की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात, आणि जुनी फाइल वाचताना भलतीच रीत निवडली जाते.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. तुमच्या केस स्ट्रक्चरच्या उजव्या कडेवरचे टनेल (वायर चौकटीबाहेर पडते तिथले छोटे चौकोन) बघा. कोणत्याही टनेलवर राइट-क्लिक करून ‘यूज डीफॉल्ट इफ अनवायर्ड’ चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर ज्या केसमध्ये त्या टनेलला वायर जोडलेली नाही तिथून डेटा प्रकाराची मूळ किंमत बाहेर पडते. आकड्यासाठी शून्य, बूलियनसाठी फॉल्स, आणि एरर क्लस्टरसाठी ‘एरर नाही’. तुमच्या कोडमध्ये ‘फेल झालं का?’ असा बूलियन असेल, तर न जोडलेली केस दरवेळी फॉल्स सांगणार, म्हणजे प्रत्येक युनिट पास. रिकाम्या केसमध्ये शिरलेली एररही तिथेच नाहीशी होणार. काहीच न मोजलेलं युनिट हिरव्या दिव्याने बेंचवरून उतरेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. २६ केस कॉपी करत वाढलेल्या डायग्रामवर हे झालेलं असण्याची शक्यता खरोखर मोठी आहे. बाकीचं सगळं पुढच्या महिन्यावर ढकललंत तरी चालेल, पण हे आज तपासा. सगळ्या टनेलवरचा तो पर्याय बंद करा. बाण तुटला तर प्रत्येक केसमध्ये वायर खरोखर जोडा, आणि निकालाचं नाव ‘पास झालं का?’ असं ठेवा, म्हणजे काही राहून गेलंच तर युनिट फेल होईल.

आता डायनॅमिक कॉल. ‘ओपन व्हीआय रेफरन्स’ला पाथ द्यायचा आणि ‘कॉल बाय रेफरन्स’ने चालवायचं. लागेल तोच सबव्हीआय मेमरीत येतो, आणि एक्झिक्युटेबल पुन्हा बिल्ड न करता नवी रीत जोडता येते. दुसरी गोष्ट तुम्हाला खरोखर हवी असेल, म्हणजे बेंच अनेक असतील, त्यांच्यावरचा मुख्य प्रोग्रॅम बदलायला परवानग्या लागत असतील आणि नव्या रीती वारंवार येत असतील, तर हा मार्ग योग्य आहे. नुसती मेन व्हीआय लवकर उघडावी म्हणून मात्र याच्या वाटेला जाऊ नका. त्याची किंमत मोजावी लागते.

सगळ्या सबव्हीआयचा कनेक्टर पेन (इनपुट-आउटपुट टर्मिनलची मांडणी) तंतोतंत सारखा लागतो. नेहमीचा ४-२-२-४ पॅटर्न घ्या, आत जाणारं सगळं एका टाइप डेफ क्लस्टरमधून पाठवा, काही टर्मिनल मोकळे ठेवा. पेन जुळला नाही तर एरर १०३१ येते, तीही चालवताना. सबव्हीआय तुटलेला असेल तर १००३, तीही चालवतानाच. डायग्रामवर ठेवलेला सबव्हीआय तुटला की मेन व्हीआयचाही बाण तुटतो आणि तुम्हाला बसल्या जागी कळतं. डायनॅमिक कॉलमध्ये ती सोय जाते. तिची भरपाई म्हणून फोल्डरमधल्या प्रत्येक व्हीआयचा रेफरन्स उघडून बघणारा एक छोटा तपासणी व्हीआय बनवा आणि तो रिलीजच्या आधी नेमाने चालवा.

बिल्ड करताना तर हमखास अडतं. हे सबव्हीआय कोणत्याच डायग्रामवर नसल्यामुळे बिल्डरला ते दिसत नाहीत. एकतर ते बिल्ड स्पेसिफिकेशनमध्ये ‘ऑलवेज इन्क्लूडेड’मध्ये घाला, नाहीतर बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. बाहेर ठेवायचे असतील तर पाथ ‘अॅप्लिकेशन डिरेक्टरी’पासून बनवा. ‘करंट व्हीआयज पाथ’पासून बनवला तर बिल्ड झाल्यावर तो एक्झिक्युटेबलच्या आतली जागा दाखवतो आणि एरर ७ येते, फाइल सापडली नाही म्हणून. शिवाय रनटाइम इंजिन (बिल्ड केलेला एक्झिक्युटेबल चालवणारा भाग) स्वतः कंपाइल करत नाही. ‘सेपरेट कंपाइल्ड कोड’ (कंपाइल झालेला कोड व्हीआयच्या फाइलबाहेर ठेवणारा पर्याय) चालू असलेला व्हीआय नुसता उचलून फोल्डरमध्ये टाकला तर तो तिथे चालणार नाही. सोर्स डिस्ट्रिब्यूशन किंवा पॅक्ड प्रोजेक्ट लायब्ररी बनवूनच द्या. रेफरन्स बॅचच्या सुरुवातीला एकदा उघडा, शेवटी बंद करा. तो लूपमध्ये दरवेळी उघडू नका. दोन युनिट एकाच वेळी तपासत असाल तर ते सबव्हीआय रीएंट्रंट (एकाच वेळी दोन ठिकाणांहून चालू शकणारे) आहेत ना, हेही बघा. नसतील तर एक युनिट दुसऱ्याची वाट बघत उभं राहील.

क्लासचा मार्ग सांगणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं मला जास्त पटतं, एका अटीवर. क्लास लॅबव्ह्यूमध्ये २००६ साली ८.२० आवृत्तीबरोबर आले. पॅरेंट क्लासमध्ये ‘चाचणी चालव’ अशी मेथड, प्रत्येक चाइल्ड क्लासमध्ये तिचं ओव्हरराइड, म्हणजे त्या क्लासची स्वतःची आवृत्ती. कोणती मेथड चालायची ते वायरवरून येणारा ऑब्जेक्ट ठरवतो, केस लिहावी लागत नाही. ओव्हरराइडचा कनेक्टर पेन पॅरेंटशी जुळला नाही तर बाण एडिट करतानाच तुटतो, म्हणजे डायनॅमिक कॉलमध्ये गेलेली राखण इथे परत मिळते. सगळ्यांना समान असलेल्या पायऱ्या पॅरेंटमध्ये एकदाच लिहून होतात. अट ही की व्हेरियंटमागे एक क्लास करायचा नाही. २६ सबव्हीआयचे २६ क्लास केलेत तर तीच कॉपी दुसऱ्या कपड्यात उभी राहील, वर प्रत्येक क्लासच्या फाइली सांभाळायच्या. क्लास रीतीमागे एक. व्हेरियंटचे आकडे त्या क्लासच्या प्रायव्हेट डेटामध्ये फाइलमधून भरायचे. तुमच्या टीममध्ये क्लास कोणी वापरलेच नसतील, तर पाच रीतींसाठी एनमची केस पुरेशी आहे. रीती दहाच्या पुढे जायला लागल्या किंवा त्यांच्यात समान पायऱ्या पुष्कळ दिसल्या की क्लासकडे वळा. त्या वेळी फाइल आणि तक्ता तसेच उपयोगी पडतील.

पॉलिमॉर्फिक व्हीआय इथे चालणार नाही. त्यातली निवड वायरच्या डेटा प्रकारावरून, तुम्ही डायग्राम काढत असताना होते. बारकोड येतो चाचणीच्या वेळी, तोवर निवड होऊन गेलेली असते. कंडिशनल डिसेबल स्ट्रक्चरचंही तेच, तीही निवड कंपाइल होतानाची.

निवड एकदाच करा, स्कॅन झाल्या झाल्या. पुढे कुठेही बारकोडची स्ट्रिंग नेऊ नका. फक्त क्लस्टर किंवा ऑब्जेक्ट जाऊ द्या, म्हणजे मधेच कोणाला ती पुन्हा तपासण्याचा मोह होणार नाही. निवडलेला व्हेरियंट ऑपरेटरला मोठ्या अक्षरात दिसू द्या. आणि तुमच्या कंट्रोलरला स्वतःचा पार्ट नंबर सांगता येत असेल, तर कमी करंटच्या मर्यादेत सप्लाय देऊन तो आधी वाचा आणि बारकोडशी ताडून बघा. जुळला तरच पूर्ण चाचणी सुरू करा. लेबल चुकीचं चिकटलेलं असेल तर तुमचा प्रोग्रॅम कितीही नीट लिहिलेला असो, १२ व्होल्टच्या युनिटला २४ व्होल्ट जातील. ज्या युनिटला बोलता येत नाही, त्याच्यासाठी १२ व्होल्टवर सुरुवात करून घेतलेला करंट अपेक्षित पट्ट्यात आहे का तेवढं तरी बघा.

सगळं एकदम बदलू नका. केस स्ट्रक्चर तसंच ठेवून पहिल्या गटातले दोन किंवा तीन व्हेरियंट नव्या, फाइलवरून चालणाऱ्या सबव्हीआयवर न्या. त्यांच्या केसमध्ये जुन्याच्या जागी तोच एक सबव्हीआय टाका. एकच युनिट आधी जुन्या आणि मग नव्या मार्गाने तपासा, आणि पास-फेलवर न थांबता प्रत्येक रीडिंग आणि प्रत्येक मर्यादा जुळते का ते बघा. मुद्दाम बिघडवलेलं एक युनिटही त्यात घ्या, कारण चांगलं युनिट चुकीच्या मर्यादेतही पास होतं. या कामात जुन्या सबव्हीआयमध्ये विसरलेले, एकाच कॉपीत दुरुस्त झालेले आणि बाकीच्यांत राहून गेलेले फरक सापडतील. ते स्वतःच्या अंदाजाने ‘बरोबर’ करू नका. डिझाइनच्या माणसाला विचारा, उत्तर लिहून घ्या आणि मग फाइलमध्ये आकडा भरा. जुना सबव्हीआय प्रोजेक्टमधून काढण्याआधी ‘फाइंड कॉलर्स’ने त्याला आणखी कोणी बोलावत नाही ना, याची खात्री करून घ्या.